यांत्रिक घड्याळाच्या मशीनची पारख: दर्जा आणि खर्च यांची तुलना कशी करावी

इंदूरमध्ये यांत्रिक घड्याळ घ्यायला निघालेल्या माणसापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारे चावीचे जुने एचएमटी, पंधरा ते चाळीस हजारांच्या दरम्यानचे जपानी ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे), आणि शोरूममधले पन्नास हजारांच्या पुढचे स्विस. तिन्हींच्या आत गुंडाळलेली कमान, दातेरी चाके आणि मागेपुढे झुलणारे बॅलन्स व्हील अशीच योजना असते, आणि तरीही किमतीत वीस-तीस पटींचा फरक पडतो. या फरकात मशीनच्या दर्जाचा वाटा किती आणि केस, डायल व नाव यांचा किती, हे ग्राहकाला स्वतः तपासता यावे यासाठी पुढील पद्धत मांडली आहे. तिचा गाभा असा, की मशीनची तुलना जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांवरून न करता दोन आकड्यांवरून करावी: घड्याळ वेगवेगळ्या अवस्थांत (डायल वर, डायल खाली, उभे) ठेवल्यावर त्याच्या चालीत, म्हणजे दिवसाला ते किती सेकंद पुढे-मागे होते त्यात, पडणारी तफावत, आणि आपल्याच गावात ते दहा वर्षे चालते ठेवण्याचा खर्च.

आत कोणते मशीन आहे ते आधी शोधावे

घड्याळाचे मॉडेल आणि त्याचे मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच मशीन दहा हजारांच्या घड्याळातही असते आणि चाळीस हजारांच्याही. त्यामुळे दुकानदाराला पहिला प्रश्न कॅलिबरच्या, म्हणजे मशीनच्या नमुन्याच्या, क्रमांकाचा विचारावा, आणि ‘जपानी ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. सेइकोच्या स्वस्त घड्याळांत ४आर३५ किंवा ४आर३६ हे मशीन असते. हेच मशीन सेइको इतर कंपन्यांना एनएच३५ आणि एनएच३६ या नावांनी विकते, आणि लहान घड्याळ-कंपन्यांपैकी पुष्कळ जणी तेच वापरतात. सिटिझनच्या मालकीची मियोता ही कंपनी ८२१५ आणि त्याहून पातळ व वरच्या दर्जाचे ९०१५ ही मशीने पुरवते. स्विस घड्याळांत पन्नास हजार ते दीड लाखाच्या टप्प्यात बहुधा ईटीए २८२४-२ किंवा सेलिटा एसडब्ल्यू२०० सापडते, आणि टिसोटसारख्या स्वॉच समूहातील नावांत पॉवरमॅटिक ८०. जो विक्रेता कॅलिबर सांगू शकत नाही किंवा सांगू इच्छित नाही, त्याच्याकडे मशीनसाठी म्हणून वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

कॅलिबर कळल्यावर ते मशीन सुटे केवढ्याला मिळते, हे पाहावे. आयातीचा खर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी यांमुळे भारतातले आकडे सतत हलतात, म्हणून मी रुपयांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवतो. सुट्या एनएच३५ ची किंमत एक धरली, तर मियोता ९०१५ साधारण अडीच ते तीन पट आणि सेलिटा एसडब्ल्यू२०० पाच ते सहा पट पडते. एनएच३५ काही हजार रुपयांत येत असल्यामुळे सेलिटाशी त्याचा फरक फार तर पंधरा-वीस हजारांचा ठरतो. आता समोरची दोन घड्याळे घ्यावीत. एक एनएच३५ चे वीस हजारांचे, दुसरे सेलिटाचे एक लाख वीस हजारांचे. मधल्या एक लाखापैकी मशीनच्या वाट्याला एवढेच पंधरा-वीस हजार येतात. उरलेले पैसे नीलमणी काच, केसची घडाई, डायलचे काम, वितरकाचा नफा आणि नाव यांचे आहेत. ते खर्च करू नयेत असे मी म्हणत नाही, कारण चांगल्या केसची आणि डायलची किंमतही खरीच असते. पण ते पैसे ‘स्विस मशीन’ या शब्दांवर खर्च झाले अशी समजूत करून घेऊ नये.

छापील आकडे वाचण्याची रीत

ज्वेल्सची संख्या हा सर्वांत जास्त मिरवला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. हे खडे म्हणजे कृत्रिम माणिक. धातूच्या आसांचे घर्षण कमी व्हावे म्हणून ते त्यांच्या टोकांशी बसवलेले असतात. चावीच्या साध्या मशीनला १७ खडे पुरतात, आणि एचएमटी जनताच्या डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असते ते याच कारणाने. ऑटोमॅटिकमध्ये रोटरची (चावी भरणाऱ्या फिरत्या वजनाची) यंत्रणा वाढल्यामुळे ही संख्या २१ ते २६ पर्यंत जाते. एनएच३५ मध्ये २४, ईटीए २८२४-२ मध्ये २५ आणि सेलिटा एसडब्ल्यू२०० मध्ये २६ खडे आहेत, पण सेलिटातला जादा एक खडा पाहून ते ईटीएपेक्षा सरस ठरवणे हास्यास्पद होईल. १९६० च्या दशकात काही कंपन्यांनी काहीही काम नसलेले खडे भरून शंभर ज्वेल्सची घड्याळेही विकली होती. २१ च्या वरची संख्या दिसली की पुढच्या आकड्याकडे वळावे.

ठोक्यांची संख्या मात्र अर्थपूर्ण आहे. जुने एचएमटी तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. एनएच३५ आणि मियोता ८२१५ यांचे २१,६०० म्हणजे सेकंदाला सहा. मियोता ९०१५, ईटीए २८२४-२ आणि सेलिटा यांचे २८,८०० म्हणजे सेकंदाला आठ. ठोके जास्त असले की सेकंदकाटा अधिक सलग सरकतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर चालवताना बसणाऱ्या धक्क्यांतून मशीन लवकर सावरते. मात्र वेगाने झुलणाऱ्या मशीनला तेलाची गरज जास्त आणि झीजही जास्त. तीस-चाळीस वर्षे वापरलेली एचएमटी आजही चालताना दिसतात, त्यामागे हा संथ वेग हे एक कारण आहे.

पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावीवर घड्याळ किती तास चालते तो आकडा, आपल्या आठवड्याशी ताडून पाहावा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काढून ठेवलेले एनएच३५ चे घड्याळ ४१ तासांनी, म्हणजे रविवारी दुपारी बाराच्या सुमारास थांबेल, आणि ईटीए २८२४-२ आपल्या ३८ तासांनुसार त्याच दिवशी सकाळी नऊला. पॉवरमॅटिक ८० सोमवारी सकाळी कार्यालयात जाताना चालू सापडेल. शनिवार-रविवार दुसरे घड्याळ वापरणाऱ्याला याचे मोल आहे. रोज एकच घड्याळ घालणाऱ्याला शून्य. शिवाय पॉवरमॅटिक ८० चे ८० तास काही अंशी ठोके २१,६०० वर आणून मिळवलेले आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

अचूकतेचा आकडा सर्वांत काळजीपूर्वक वाचायचा आहे. सेइको एनएच३५ साठी आणि मियोता ८२१५ साठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची हमी देते, मियोता ९०१५ साठी उणे १० ते अधिक ३०. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर चाळीस सेकंदांची चूकही वीस हजारांत सुमारे नऊ एवढीच भरते. यंत्राच्या दृष्टीने ही वाईट कामगिरी नव्हे. पण हे आकडे हमीच्या कडा आहेत, प्रत्यक्ष चाल नव्हे. माझ्या पाहण्यातली बहुतेक एनएच३५ या कडांच्या पुष्कळ आत चालतात, आणि एखादे मात्र अगदी कडेला येऊन थांबते. दोन नगांमधला हा फरक म्हणजेच स्वस्त आणि महाग मशीनमधल्या किमतीचे एक मोठे कारण आहे, कारण वरच्या श्रेणीत कारखाना प्रत्येक नगावर अधिक वेळ खर्च करतो.

हे ईटीएच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २८२४-२ हे एकच मशीन स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर अशा चार श्रेणींत बनते. स्टँडर्डचे समायोजन दोन अवस्थांत होते आणि सरासरी चाल शून्याच्या बारा सेकंद अलीकडे-पलीकडे ठेवली जाते; एलाबोरेमध्ये तीन अवस्था आणि सात सेकंद; टॉपमध्ये पाच अवस्था आणि चार सेकंद. टॉप श्रेणीपासून बॅलन्स व्हील ग्लुसिडूर या मिश्रधातूचे येते, हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलला झुलवणारी बारीक कमान) आणि मुख्य कमानही वरच्या प्रतीची होते, आणि धक्का झेलण्यासाठी इन्काब्लॉक बसवले जाते. सेलिटाच्याही अशाच चार श्रेणी आहेत. त्यामुळे ‘यात सेलिटा आहे’ हे अर्धे उत्तर झाले, श्रेणी कोणती हे उरलेले अर्धे. स्टँडर्ड श्रेणीचे स्विस मशीन नीट जुळवलेल्या मियोता ९०१५ पेक्षा वेळ पाळण्यात सरस असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

क्रोनोमीटर हा शब्द स्विस घड्याळाच्या डायलवर असेल तर त्यामागे बहुधा स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेची चाचणी असते: पंधरा दिवस, पाच अवस्था, ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअस अशी तीन तापमाने, आणि सरासरी दैनंदिन चाल उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत. येथे इंदूरकराने एक टीप जोडावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत त्याहून बरीच जास्त उष्णता साठते. मनगटावर शरीराचे तापमान घड्याळाला सांभाळून घेते, पण डिकीत ठेवलेले घड्याळ चाचणीच्या कक्षेबाहेर असते, आणि तेथे चालीपेक्षाही तेलाचे नुकसान अधिक होते. शिवाय सीओएससी केसमध्ये बसवण्यापूर्वीचे सुटे मशीन तपासते. रोलेक्स आपली उणे २ ते अधिक २ सेकंदांची मर्यादा केसमध्ये बसवलेल्या घड्याळाला लावते. प्रमाणपत्राचे हे दोन अर्थ वेगळे आहेत.

अवस्थांची चाचणी

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. या चाचणीला वही, पेन आणि मोबाइल पुरतो, आणि माझ्या मते संपूर्ण तुलनेतला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

घड्याळाला पूर्ण चावी द्यावी. चावीचे घड्याळ असेल तर क्राउन (चावी देण्याची बाजूची गुंडी) स्वतः थांबेपर्यंत. हाताने चावी घेणारे ऑटोमॅटिक असेल तर तीस-चाळीस फेरे. सेइकोच्या जुन्या ७एस२६ सारख्या हाताने चावी न घेणाऱ्या मशीनला दिवसभर मनगटावर घालून मग चाचणीला घ्यावे. वेळ जुळवताना इंटरनेटवरून भारतीय प्रमाणवेळ घेणारे मोबाइलचे घड्याळ समोर ठेवावे. १९०४ साली बांधलेल्या आपल्या गांधी हॉलच्या घंटाघरावर कितीही प्रेम असले तरी ते या कामाचे नाही. क्राउन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत असेल तर वेळ तंतोतंत लावता येते. थांबत नसेल तर लावण्याचा हट्ट धरू नये. सुरुवातीचा फरक किती सेकंद आहे तेवढे टिपावे, कारण आपल्याला हवा आहे तो फरकातला बदल.

पहिल्या दिवशी घड्याळ डायल वर करून ठेवावे आणि बरोबर चोवीस तासांनी किती पुढे गेले किंवा मागे पडले ते लिहावे. पुन्हा पूर्ण चावी देऊन दुसऱ्या दिवशी डायल खाली, तिसऱ्या दिवशी क्राउन खाली, चौथ्या दिवशी क्राउन वर आणि पाचव्या दिवशी क्राउन डावीकडे अशा पद्धतीने उभे ठेवून हेच करावे. पाच आकडे हाती आले की त्यांची सरासरी काढावी, आणि त्यानंतर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतली तफावत काढावी.

समजा एका घड्याळाचे आकडे अधिक १४, अधिक १३, अधिक १०, अधिक ११ आणि अधिक १२ आले, आणि दुसऱ्याचे अधिक ३, अधिक १, उणे १४, अधिक १६ आणि उणे ६. पहिल्याची सरासरी अधिक १२ आणि दुसऱ्याची बरोबर शून्य. घाईने पाहणारा दुसरे घेईल. परंतु पहिल्याची तफावत केवळ चार सेकंद आहे, आणि कारागिराने रेग्युलेटरची (चाल कमी-जास्त करणारी) कळ किंचित सरकवली की ते सर्व अवस्थांत शून्याच्या जवळ येते. दुसऱ्याची तफावत तीस सेकंद आहे, आणि कळ कितीही हलवली तरी ती तीसच राहणार, कारण तिचे मूळ बॅलन्स व्हीलच्या समतोलात, हेअरस्प्रिंगच्या बसवणुकीत किंवा आसाच्या झिजेत असते. त्याची शून्य सरासरी त्या पाच दिवसांपुरती जुळून आलेली आहे. मनगटाची सवय बदलली की ती बिघडेल. सरासरी खोली पाहून नदीत उतरू नये, हा हिशेब येथेही लागू आहे. ईटीएच्या श्रेणींतही सरासरीबरोबर अवस्थांमधल्या तफावतीची वेगळी मर्यादा दिलेली असते: स्टँडर्डसाठी ३०, एलाबोरेसाठी २० आणि टॉपसाठी १५ सेकंद. घरच्या वहीत दहा-बारा सेकंदांच्या आत तफावत आली, तर घड्याळ कोणत्याही देशाचे असो, मशीन उत्तम आहे असे खुशाल म्हणावे.

या आकड्यांचा एक रोजचा उपयोगही आहे. दिवसभर मनगटावर पाच सेकंद पुढे जाणारे घड्याळ एखाद्या अवस्थेत मागे पडत असेल, तर रात्री त्याच अवस्थेत ठेवले की सकाळी हिशेब बराचसा मिटतो.

चाचणीपूर्वी घड्याळ चुंबकीत झालेले नाही ना, हे अवश्य पाहावे. मोबाइलमधल्या कंपासजवळ घड्याळ नेल्यावर सुई स्पष्ट हलली तर शंका घ्यावी. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागले की घड्याळ एकाएकी दिवसाला मिनिटांनी पुढे धावते. टॅबलेटचे कव्हर, स्पीकर, पर्सची चुंबकी कडी ही नेहमीची कारणे आहेत. चुंबकत्व घालवण्याचे उपकरण स्वस्त असते आणि काम मिनिटभराचे, त्यामुळे केवळ याच कारणासाठी मशीन खोलायला देऊ नये.

टाइमग्राफर मिळाला तर

ज्या कारागिराकडे टाइमग्राफर (घड्याळाचे ठोके ऐकून चाल मोजणारे यंत्र) आहे, त्याच्याकडे हीच चाचणी दहा मिनिटांत होते, आणि दोन जादा गोष्टी कळतात. पहिली अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंश फिरते. पूर्ण चावीवर, डायल वर असताना २७० ते ३१० अंश हे निरोगीपणाचे लक्षण मानावे. नव्या एनएच३५ मध्ये यापेक्षा थोडे कमीही दिसते आणि त्यात बिघडलेले काही नसते. पूर्ण चावीवर आकडा दोनशेच्या आसपास असेल तर तेल सुकले आहे, कमान थकली आहे किंवा कोठेतरी घाण अडकली आहे. दुसरी गोष्ट बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या अंतरांतला फरक. तो एक मिलिसेकंदाच्या आत असावा, अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम.

यंत्रात लिफ्ट अँगल (ठोक्याचा रेटा मिळत असताना बॅलन्स व्हील जेवढे फिरते तो कोन) बरोबर भरलेला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. एनएच३५ साठी तो ५३ अंश, मियोता ८२१५ साठी ४९, ९०१५ साठी ५१ आणि ईटीए २८२४-२ साठी ५० अंश असतो. यंत्र सुरू केल्यावर त्यावर ५२ दिसतो आणि पुष्कळ जण तो बदलतच नाहीत. मग अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा चुकतो आणि दोन मशीनांची तुलना निरर्थक होते. शक्य असेल तर चोवीस तासांनी, चावी न देता पुन्हा एकदा मोजून घ्यावे. उतरत्या चावीवर चाल फार बदलली नाही, तर त्या मशीनची कमान आणि हेअरस्प्रिंग दोन्ही चांगल्या प्रतीच्या आहेत असे समजावे. स्वस्त मशीन येथे उघडे पडते.

कोणत्या मशीनचे काय

एनएच३५ दणकट आहे, दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे सोपे आहे, आणि ५.३२ मिलिमीटर जाडीमुळे घड्याळ जाड करते. मियोता ८२१५ तितकेच टिकाऊ, पण त्याचा सेकंदकाटा अधूनमधून अडखळतो आणि एकाच दिशेने चावी भरणारा रोटर उलट दिशेला सैल फिरतो. ९०१५ मध्येही रोटरचा तो आवाज आहे, मात्र जाडी केवळ ३.९ मिलिमीटर आहे आणि या किमतीत त्याला तोड नाही; तीस ते पन्नास हजारांच्या घड्याळात मी हेच मशीन शोधेन. ईटीए २८२४-२ आणि सेलिटा एसडब्ल्यू२०० यांची रचना जवळजवळ एकच असल्याने ते जाणणारा कारागीर सापडणे तुलनेने सोपे जाते, फक्त ऑटोमॅटिक असूनही रोज हाताने भरपूर चावी देण्याची सवय त्यांच्या चाकांना सोसत नाही. पॉवरमॅटिक ८० ला रेग्युलेटरची कळच नसते, चाल कारखान्यात लेझरने जुळवलेली असते. स्थानिक दुकानात ते ‘जरा मागे करून द्या’ म्हणण्याची सोय नाही आणि स्वॉच समूहाचे सुटे भाग स्वतंत्र कारागिरापर्यंत सहज पोहोचत नाहीत.

चिनी मशीनांना एका वाक्यात निकालात काढू नये. टियांजिन सीगलचे एसटी१९ हे जुन्या व्हीनस १७५ वर आधारलेले क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेले) मशीन आहे आणि त्या किमतीत चावीचा यांत्रिक क्रोनोग्राफ दुसरा कोणी देत नाही. याउलट बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांत डीजी२८१३ सारखे स्वस्त मशीन असते. ते चालेल तितके चालवावे, त्यावर सर्व्हिसिंगचा खर्च करणे म्हणजे घड्याळाच्या किमतीपेक्षा तेल महाग.

पारदर्शक मागच्या झाकणातून दिसणाऱ्या रोटरवरच्या रेषा आणि निळे स्क्रू यांचा वेळ पाळण्याशी संबंध नसतो. हातकाम केलेली सजावट पाच-सहा लाखांच्या पुढे सुरू होते, त्याआधीची बहुतेक यंत्रावर उमटवलेली असते.

दहा वर्षांचा हिशेब

घड्याळाचा खरा खर्च काढण्यासाठी खरेदीची किंमत, दहा वर्षांतल्या सर्व्हिसिंगचा आणि भागांचा खर्च यांची बेरीज करून त्यातून शेवटी विकताना येईल ती रक्कम वजा करावी आणि दहाने भागावे. पुढचे आकडे पद्धत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले भरावेत.

एनएच३५ चे घड्याळ वीस हजारांचे धरू. सात-आठ वर्षांनी मशीनच बदलायचे ठरवले तर नव्या मशीनचे पाच हजार आणि मजुरीचे एक हजार. विकताना आठ हजार आले तर निव्वळ खर्च अठरा हजार, म्हणजे वर्षाला अठराशे. सेलिटाचे घड्याळ सत्तर हजारांचे, दोन सर्व्हिसिंग प्रत्येकी नऊ हजारांच्या, विक्रीतून अडतीस हजार; निव्वळ पन्नास हजार, वर्षाला पाच हजार. जुने एचएमटी तीन हजारांचे, तीन वेळा ऑइलिंग प्रत्येकी आठशेचे, एकदा बॅलन्सचा आस बदलण्याचे हजार, आणि विकताना तेच तीन हजार. वर्षाला तीनशे चाळीस रुपये.

या हिशेबात सर्वांत जास्त हलणारा आकडा सर्व्हिसिंगचा आहे, आणि तो मशीनपेक्षा गावावर अवलंबून असतो. शोरूममधून घेतलेले महाग घड्याळ कंपनीच्या सेवा केंद्रासाठी इंदूरबाहेर पाठवावे लागत असेल, तर विमा, कुरिअर आणि दोन-तीन महिन्यांची वाट हेही खर्चातच धरावे. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: सर्व्हिसिंग कोठे होईल, आजचा दर काय, आणि भाग न मिळाल्यास संपूर्ण मशीन बदलतात का. नेमक्या रकमेऐवजी ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ असे उत्तर मिळाले, तर मी माझ्या हिशेबात कंपनीच्या दराचा वरचा अंदाज धरतो.

कारागिराची पारख

मशीन कितीही चांगले असले तरी त्याचा दर्जा पहिल्या सर्व्हिसिंगनंतर कारागिराच्या हातात जातो. मशीन पूर्ण खोलून, भाग अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊन, पुन्हा जोडताना वेगवेगळ्या जागी वेगवेगळे तेल घालणे, याला सर्व्हिसिंग म्हणतात. न खोलता मशीन पेट्रोलमध्ये बुडवून काढणे आणि वरून एक थेंब टाकणे हा प्रकार अजूनही चालतो. घड्याळ महिनाभर छान चालते आणि नंतर आसांची झीज सुरू होते. कोणते तेल वापरता, असे अदबीने विचारावे. मोबियस ९०१० वेगाने फिरणाऱ्या चाकांसाठी, ९४१५ पॅलेटच्या खड्यांसाठी आणि डी५ संथ, जड चाकांसाठी, अशा स्वरूपाचे उत्तर देणारा माणूस दुकानाची पाटी कितीही जुनी असली तरी विश्वासास पात्र आहे. काम झाल्यावर टाइमग्राफरचा फोटो मागावा, आणि पावसाळ्याआधी मागच्या झाकणाचे रबर बदलून घ्यावे. एचएमटीच्या बाबतीत आपल्याकडच्या वयस्क कारागिरांचा हात सहसा उत्तम असतो, कारण त्यांची उमेदीची वर्षे त्याच मशीनवर गेलेली आहेत. तोच हात २८,८०० ठोक्यांच्या मशीनवर तितका बसलेला असेल असे मात्र नाही, आणि प्रामाणिक कारागीर ते स्वतःच सांगतो.

जुने एचएमटी घेताना

बंगळुरूत सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ व्यवसायाला बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केला, त्यामुळे आज जुन्या बाजारात ‘नवे’ म्हणून मिळणारे एचएमटी बहुधा वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले असते. चकचकीत, गडद रंगाचे, कारखान्याने कधी न काढलेले डायल, थोडी तिरपी किंवा जाडसर अक्षरे, आणि जुन्या केसवर नवे पॉलिश ही त्याची खूण. डायल रंगवलेला असला म्हणून मशीन वाईट असतेच असे नाही, पण किंमत अस्सल जुन्या घड्याळाची देऊ नये. झाकण उघडून दाखवायला सांगावे: स्क्रूंच्या खाचा उखडलेल्या, पुलांवर (चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) ओरखडे, एका मशीनवर दोन वेगळ्या छटांचे भाग असे दिसले तर पुढचे पाहावे. झाकण उघडण्यास नकार देणाऱ्याकडून चावीचे जुने घड्याळ घेऊच नये.

नवे घड्याळ घेतले असेल, तर अवस्थांची पाच दिवसांची चाचणी परत करण्याच्या मुदतीत संपवावी. आकडे कंपनीच्या मर्यादेबाहेर असतील तर तारखांसह लिहिलेली वही आणि बिल घेऊन विक्रेत्याकडे जावे, आणि वॉरंटी असेपर्यंत घड्याळ बाहेर कोणाकडूनही उघडून घेऊ नये. रेग्युलेटरची कळ एका मिनिटात सरकवून देणारा शेजारचा दुकानदार कितीही कुशल असला, तरी झाकणावर त्याच्या हत्याराची खूण दिसली की कंपनीला दावा नाकारायला तेवढे कारण पुरते.